ऑपरेटरबाईंचं आतलं ब्लूटूथ

"हॅलो, कामशेत? बोला."

काउंटरच्या काचेवर नखाने दोन टिचक्या, आणि मग हे वाक्य. मी समोरच बसलेलो असायचो, दोन हातांवर. मध्ये फक्त काच आणि स्क्रीनगार्डचा स्टँड. तरी बाई मला 'हॅलो' करायच्या आणि मी 'बोला बाई' म्हणेपर्यंत पुढचं अक्षर काढायच्या नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारी जरा सरकलेली दिसतेय. मग कळलं की बाई उभा जन्म लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आता रिटायर होऊन माझ्या दुकानामागच्या दुसऱ्या गल्लीत राहायला आल्या आहेत.

त्यांच्या नोकरीत माणसाला नाव नव्हतं, गाव होतं. ट्रंककॉलच्या काळात तारेच्या पलीकडे मिरजेची ऑपरेटर असली की ती 'मिरज' आणि या 'लोणावळा'. ती खोड तशीच राहिली. माझं दुकान कामशेतला, म्हणून मी कामशेत. समोर चहाचा गाडा लावणारा उर्सेहून येतो, म्हणून तो उर्से. "उर्से, दोन कटिंग, एकात साखर कमी." देहूरोडच्या डेपोत नोकरी केलेले एक गृहस्थ माझ्याकडे पेपर वाचायला येतात, त्यांना सरळ, "देहूरोड, जरा सरकून बसा." एकदा गल्लीच्या तोंडाशी गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा बाईंनी "ओ मुंबई, गाडी काढा हितनं!" अशी हाक मारली आणि चार गाड्यांच्या काचा एकदम खाली झाल्या.

मी मोबाइल दुरुस्त करतो. स्क्रीन बदलणं, बॅटरी बदलणं, चार्जिंगचं भोक साफ करणं, झालं. आणि आमच्या मावळात तर फोन भिजला की तो तांदळाच्या डब्यात घालायची पद्धत आहे. मग माझा अर्धा पावसाळा चिमट्याने तांदूळ वेचण्यात जातो. कुणी समोर फोन ठेवला की आधी मी तो हलवून बघतो.

बाईंनी एका बाजाराच्या दिवशी पिशवीतून टॅबलेट काढला, तेव्हा तोही हलवून बघितला. खुळखुळ वाजला. उलटा करून थोपटला, तर चार दाणे काचेवर पडले.

"हे काय?"

"इंद्रायणी."

"ते वासावरनं कळलं. टॅबलेटमध्ये कशाला?"

"रातीचा डब्यात ठेवते. हितली हवा दमट. तांदळात कोरडा ऱ्हातो."

"भिजला नसताना?"

"भिजायच्या आधीच ठेवलेला बरा न्हाई का?"

मी तांदूळ झटकला आणि बिघाड विचारला. बाई म्हणाल्या, ब्लूटूथ. म्हटलं, किरकोळ काम. टॅबलेट चालू केला आणि माझा चेहरा पडला. ओळखीचं एक चित्र नाही. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, आणि ती अक्षरं कुणीतरी मागे लागल्यासारखी वर पळतायत.

"बाई, यात काय घातलंय?"

"लिनक्स," बाई म्हणाल्या. जसं आपण वरणात काय घातलंय म्हटल्यावर 'हिंग' म्हणतो, तसं. "भाचीनं बसवलं. आधीची सिस्टीम त्याला वढंना. तिनं ती काढली, हे घातलं, आन् कॅनडाला गेली."

मला लिनक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर तसं म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो, "ठेवून जा, दोन दिवसांनी या." दोन दिवसांत गिऱ्हाईक विसरतं किंवा आपल्याला सुचतं. बाई विसरल्या नाहीत आणि मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मी नेहमीचं शेवटचं वाक्य काढलं. "चीप गेलीय, बाई."

"गेलेली न्हाई, झोपलीय," बाई म्हणाल्या आणि पांढऱ्या अक्षरांच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ही वळ बघ. काय म्हणतंय? वाट बघितली, उत्तर आलं न्हाई. पलीकडं कुणी नसतंच, तर असा नंबरच न्हाई म्हणाला असता. घंटी जातीय, उचलंना कुणी. म्हंजे घरात माणूस हाय."

आता सांगा, वीस वर्षं दुकान टाकून बसलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? रागाच्या भरात मी दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लावली: 'येथे लिनक्सची कामे घेतली जाणार नाहीत.' अख्ख्या कामशेतच्या बाजारात लिनक्सचं काम घेऊन येणारी एकच व्यक्ती होती. तिने पाटी वाचली, "छान अक्षर हाय," म्हणाली आणि टॅबलेट काउंटरवर ठेवला.

मग मी शहाणपणा सांगितला. नखाएवढं बाहेरचं ब्लूटूथ मिळतं, यूएसबीत खुपसलं की झालं. बाई म्हणाल्या, "आतलं हाय ना?" म्हटलं, आहे, पण चालत नाही. "मग आतलंच चालवायचं. घरात चूल आसताना भाकरी भाजायला शेजारणीकडं जाऊ व्हय?"

तरी मी हट्टाने ते नखाएवढं आणलं आणि खुपसलं. चाललं! बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला, मी कॉलर ताठ केली, उर्सेला चहा सांगितला. चहा यायच्या आत टॅबलेट बंद. या टॅबलेटला भोक एकच, आणि बॅटरी इतकी म्हातारी की चार्जर काढला की दहा-अकरा मिनिटांत राम म्हणतो. म्हणजे एकतर ब्लूटूथ लावा, नाहीतर चार्जर.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "बाई, एक साधा नवा मोबाइल घ्या! सगळं चालतं त्यात. कशाला एवढा जीव काढताय माझा? आणि असं कुठलं गाणं ऐकायचंय तुम्हाला ब्लूटूथवर?"

उर्से चहा ठेवून गाड्याकडे जाईपर्यंत बाई थांबल्या. मग कानावरचे केस बाजूला केले. कानामागे करड्या रंगाचं कानाचं मशीन होतं. दुसऱ्या कानालाही. केस त्यावर इतके बेतून बसवलेले की इतक्या दिवसांत मला दिसलं नव्हतं.

"कुणाला बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मशीन लावलं की समोरासमोरचं बोलणं कळायचं. फोनवरचं नाही. आणि दर रविवारी दुपारी चार वाजता मिरजेचा फोन यायचा. ही मिरज आणि ही लोणावळा, दोघी तीस वर्षं रोज एका तारेच्या दोन टोकांना बसून बोलल्या, पण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. मुलांची लग्नं, नवऱ्यांची आजारपणं, लोणच्याची मापं, सगळं तारेवरून. रिटायर झाल्यावर रविवार चारची वेळ ठरली.

"आता तिला दिसत न्हाई," बाई म्हणाल्या. "डोळ्याची नस वाळलीय म्हणं. बोटांना एकच नंबर पाठ हाय, माझा लँडलाइनचा. चाचपडून तेवढा लावते."

"मग उचला ना!"

"उचलून काय करू? तिचा आवाज निस्ता घुमतो. दोन रविवार हां हां करून ढकलले. तिसऱ्या वेळेला तिनं कायतरी इचारलं, मी हां म्हणाले, आन् ती गपच झाली. काय इचारलं आसंल तिनं? त्या दिसापासनं मी उचलतच न्हाई. तीन म्हैनं झालं. फोन वाजतो, दिवा लुकलुकतो, मी म्होरं बसून बघते."

"अहो, मग ऐकू येत नाही म्हणून सांगून टाका."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कामशेत, मी ऑपरेटर होते."

मी वाद घालायचा सोडून दिला.

त्यांचा हिशेब तसा चोख होता. फायबर आल्यापासून लँडलाइनसुद्धा इंटरनेटवरूनच चालते, त्यामुळे घरचा नंबर टॅबलेटवर वाजवता येतो. भाचीने तेवढं बसवून दिलं होतं. कानातल्या मशीनमध्ये ब्लूटूथ होतं. टॅबलेटमध्येही होतं. ती दोघं एकमेकांना जोडली की मिरजेचा आवाज थेट कानाच्या आत. सगळं होतं, मधली वीतभर लाईन तेवढी लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कॉल वेगळ्या फोनवर वळवायचं सुचवलं, तर बाई अशा तडकल्या की देहूरोडांनी पेपर खाली केला. "ऑपरेटरचा कॉल दुसरीकडं वळवायचा? मी काय मेलेय?"

मी पाटी काढली.

पुढचा दीड महिना आमच्या दुकानाचा काय तमाशा झाला म्हणून सांगू! इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक कट्टा असतो, तिथे आपली अडचण मांडायची आणि जगभरचे लोक उत्तरं देतात. बाईंनी तिथे खातं उघडलं. नावं त्यांना कुणाची घ्यायचीच नव्हती. सकाळी यायच्या, टिचक्या मारायच्या आणि बातमी द्यायच्या. "पोलंड म्हणतो, चीपला काम शिकवायची जी फाइल आसती ती बदला." दुसऱ्या दिवशी, "ब्राझील म्हणतो, पोलंडला काय कळत न्हाई." तिसऱ्या दिवशी, "पोलंड रुसलाय. मी समजूत काढली, म्हटलं दोघं एकाच लाईनीवर हायत, भांडू नका." उर्से चहा ओतता ओतता विचारायचा, "मावशी, ब्राझीलचं काय म्हणणं?" त्याला ब्लूटूथचं काम कशासाठी चाललंय हे माहीत नव्हतं, पण त्याचा ब्राझीलवर विश्वास होता.

फाइल बदलली. परत बदलली. ब्राझीलची घातली, पोलंडची घातली. मी चीपला हात लावायला मागचं झाकण उघडलं, तर आणखी सात दाणे निघाले. दर वेळी टॅबलेट चालू करायचा, पांढरी अक्षरं पळायची आणि शेवटी तीच ओळ: वाट बघितली, उत्तर आलं नाही.

मधल्या एका सोमवारी बाई आल्या त्या टिचक्या न मारताच बसल्या.

"काल फोन वाजला न्हाई," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही वाजला नाही. मिरज कंटाळली, रागावली, की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. त्यांच्याकडे मिरजेचा नंबर होता. लावला असता तर घंटीही गेली असती. पण पलीकडून कोण काय सांगतंय हे ऐकणार कसं? आणि मला किंवा कुणालाच त्या मध्ये बोलू देईनात. त्या आठवड्यात बाईंनी मला एकदाही कामशेत म्हणून हाक मारली नाही. नुसतं "बघ बाबा" म्हणायच्या. मला ते फार लागलं.

मग एके दिवशी सकाळी, मी शटर अर्धं उघडलंय, तर बाई वाकून आत आल्या. केस विस्कटलेले, हातात टॅबलेट.

"कामशेत! आपण लय घाई करतो!"

"काय झालं?"

"वडिवळ्याचा फोन!"

वडिवळं हे त्यांचं माहेर. तिथे त्या काळी अख्ख्या गावात एक फोन, तो पोस्टात. पोस्टमास्तर स्वतः शेतकरी. लावणीच्या दिवसांत घंटी वाजली की गडी चिखलातून निघणार, बांधावर पाय धुणार, चालत येणार, कुलूप उघडणार, मग उचलणार. नवीन ऑपरेटर पोरी चार घंट्या द्यायच्या आणि 'वडिवळे, नो रिप्लाय' म्हणून चिठ्ठी फाडायच्या. बाई घंटी देऊन थांबायच्या. दुसऱ्या लाईनी बघायच्या, पण वडिवळ्याची सोडायच्या नाहीत. मास्तरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आलो गं बाई, पाय तरी धू दे."

"हे बघ," बाई ओळींवर बोट फिरवत म्हणाल्या. "टॅबलेट सुरू झाला की तिसऱ्या सेकंदाला ह्यो चीपला घंटी देतो. पाचव्याला म्हणतो उत्तर न्हाई, आन् फोन ठेवतो. आन् चीपला करंट कवा मिळतो? ही खालची वळ बघ. अकराव्या सेकंदाला! ती बिचारी चिखलातनं निघायच्या आधीच ह्यानं चिठ्ठी फाडली. फाइल पोलंडची पण बरोबर हाय, ब्राझीलची पण. आरं, तिला पाय तरी धू दे!"

मी बघितलं. अकरा. रोज ती ओळ डोळ्यासमोरून पळत होती आणि एकाही शहाण्याने, माझ्यासकट, आकडे वाचले नव्हते.

उपाय म्हणजे एक ओळ लिहायची: आधी थांब, मग घंटी दे. बाईंनी एका बोटाने ती लिहिली. बारा सेकंद थांबवलं, नाही. अठरा, नाही. पंचवीस सेकंदांवर ते करडं पडलेलं ब्लूटूथचं चिन्ह निळं झालं. आतलं! मी काउंटरवर हात आपटला, तर स्क्रीनगार्डचा स्टँड खाली. बाईंनी डोळे पुसले आणि आधी कट्ट्यावर लिहिलं, "हॅलो पोलंड, हॅलो ब्राझील, लाईन लागली. आभारी आहे."

इथपर्यंत सगळं गोड होतं. घोळ पुढे झाला, आणि तो नेमका बाजाराच्या दिवशी, भर अकरा वाजता.

कानाची मशीनं जोडायची तर ती एकदा बंद करून चालू करावी लागतात. म्हणून बाईंनी दोन्ही काढून तळहातावर घेतली. म्हणजे आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. टॅबलेटवर आसपासच्या ब्लूटूथांची यादी आली. बाई मशीनच्या नावावर बोट ठेवणार, तेवढ्यात यादीत वर एक नवीन नाव घुसलं, सगळी नावं एक घर खाली सरकली आणि बोट भलत्याच नावावर पडलं. जोडलं गेलं. मीही बघितलं नाही. 'जोडले' एवढं वाचलं आणि आनंदाने भाचीचा निरोप लावला. कॅनडाच्या भाचीने आवाजात एक निरोप पाठवून ठेवला होता. ब्लूटूथ लागलं की मावशीने पहिल्यांदा तोच ऐकायचा, असं ठरलेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी कांदे-बटाट्याचा टेम्पो उभा होता. त्याच्या टपावरचा भोंगा सकाळपासून 'कांदा घ्या, बटाटा घ्या' म्हणून ओरडत होता. तो मधेच गप्प झाला. आणि मग सगळ्या बाजारभर भाचीचा खणखणीत आवाज घुमला.

"मावशी! ऐकू येतंय का? येत असेल तर जिंकलीस तू! आता नीट ऐक. तुला फोनवर ऐकू येत नाही हे मिरजमावशीला सरळ सांगून टाक. किती दिवस लपवणार? म्हणे कामशेतच्या बाजारात कळलं तर काय म्हणतील! काही म्हणत नाहीत. आणि बाजाराला सांगायला जातंय कोण?"

बाजार जागच्या जागी थांबला. मेथीवाली जुडी हातात धरून. देहूरोड पेपर हातात धरून. उर्सेच्या गाळणीतून चहा ग्लासाबाहेर चाललाय, त्याचं लक्ष नाही. सगळे वळून माझ्या दुकानाकडे बघतायत. आणि एवढ्या माणसांत ज्या एका बाईला काही ऐकू आलं नव्हतं, ती दोन्ही मशीनं ओंजळीत धरून टॅबलेटकडे बघत होती.

"लागली का लाईन?" बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी कुणी एकजण जरी फिदी करून हसला असता ना, तर मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरने त्याला भोसकलं असतं. कुणी हसलं नाही. टेम्पोवाला उतरून आला, बाईंच्या समोर उभा राहिला, आणि ओठ मोठे मोठे हलवत म्हणाला, "न्हाई लागली, मावशी. आमचाच भोंगा बिघडलाय!"

"आमी काय ऐकलं न्हाई!" मागून उर्से ओरडला. गाढव कुठला. त्याला कुणी विचारलं होतं? पण तेही बाईंना ऐकू आलं नाही, म्हणून वाचलो.

त्या दिवसानंतर सगळा बाजार बाईंशी समोर येऊन, तोंडाकडे बघून, खणखणीत आवाजात बोलायला लागला. मेथीवाली तर जुडीचा भाव बोटांवर पण दाखवायची. दोन दिवसांनी बाई मला म्हणाल्या, "कामशेत, हल्ली सगळे वरडून का बोलतात रे?"

"निवडणुका जवळ आल्यात," मी म्हणालो.

मशीनं त्याच दिवशी दुपारी जोडली, दुकानाचं शटर पाडून. भाचीचा निरोप या वेळी जिथे जायचा तिथे गेला. बाईंनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "बाजाराला सांगायला जातंय कोण, म्हणते. खरंय." मी दुसरीकडे बघितलं.

रविवारी पावणेचारला मी आणि उर्से त्यांच्या घरी हजर. उर्सेला मी बोलावलं नव्हतं, तो गाडा तसाच टाकून आला होता. घरचा नंबर टॅबलेटवर, टॅबलेट चार्जरवर, मशीनं कानात. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन वाजला नाही.

"मीच लावते," बाई म्हणाल्या. पदर नीट केला, ताठ बसल्या आणि नंबर दाबला.

आता गंमत बघा. आवाज थेट त्यांच्या कानात. आम्हाला अवाक्षरसुद्धा ऐकू येत नाही. दीड महिना मरमर मेलो आम्ही, आणि बघायला काय, तर बाईंचा चेहरा. उर्से माझा दंड धरून उभा. घंट्या जात असाव्यात, कारण बाईंचं बोट मांडीवर एकेक ठोका देत होतं. दहा. पंधरा. मी खुणेने म्हटलं, ठेवा आता. बाईंनी हात वर करून मला गप्प केलं. वीस. बावीस. तेविसाव्याला बोट थांबलं.

"मिरज?" बाई म्हणाल्या. "लोणावळा बोलतेय."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुसायचं भान नाही.

"न्हाई गं, मेले न्हाई... न्हाई, चिडले पण न्हाई... आगं, ऐक तर... किती शिव्या देशील? दे, दे. सगळ्या ऐकू येतात आता." मग एकदा आमच्याकडे बघितलं, उर्सेकडेही, आणि मान वर करून स्वच्छ आवाजात बोलल्या. "मला ऐकू येत नव्हतं, मिरज. फोनवरचं काही ऐकू येत नव्हतं. लाज वाटली म्हणून उचलला नाही."

पलीकडून काय आलं कुणास ठाऊक, पण बाई अशा हसल्या की टॅबलेट मांडीवरून घसरला. मी झेलला. हसत हसतच त्यांनी आम्हाला सांगितलं, "ही म्हणते, तिला वाटलं माझी लाईन खराब! तिकडनं नातवाला सांगून तीनदा तक्रार नोंदवली हिनं. तरीच म्हटलं, लाईनमन घरी येऊन सारखा तारा का तपासतोय! आन् पंधरा दिवस ही डोळ्याच्या दवाखान्यात होती, आजच घरी आलीय. म्हणून नव्हता फोन."

उर्से आता खाली बसला. त्याला सगळं ऐकायचं होतं. मलाही. पण बाईंनी टॅबलेटवर हात ठेवला आणि दाराकडे बोट केलं.

"लाईन लागली की ऑपरेटरनं बाहेर पडायचं असतं, कामशेत. उर्से, तू पण."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. पाऊण तास. आतून मधूनमधून हसू यायचं, आणि एकदा लोणच्याचं माप. उर्से म्हणाला, "आपण दार लोटून घेऊ या का?" आणि त्यानेच उठून ते लोटलं.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. बाई दुकानात येत नाहीत. का येतील? ब्लूटूथ चालतंय. आमच्या धंद्याचं हेच वाईट आहे, काम नीट झालं की माणूस परत दिसत नाही. दुकानात माझं लक्ष लागत नाही, हे मी कबूल करतो. देहूरोड पेपर वाचतात, तो मोठ्याने वाचा म्हणून मी त्यांच्या मागे लागतो. लिनक्सच्या कट्ट्यावर मीही खातं उघडलंय. पोलंड आणि ब्राझील परत भांडतायत, आणि समजूत घालायला कुणी नाही.

गेल्या आठवड्यात त्या कट्ट्यावर वाचलं की लिनक्सचं नवीन अपडेट येतंय आणि ते घातलं की अशा टॅबलेटांचं आतलं ब्लूटूथ पुन्हा बंद पडू शकतं. मला काय वाटलं ते सांगू नये, पण सांगतो. मला आनंद झाला. मग स्वतःचीच शरम वाटली. म्हटलं, बाईंना फोन करून सावध केलं पाहिजे. अपडेट करा म्हणणार होतो की करू नका म्हणणार होतो, ते मात्र नंबर दाबेपर्यंत ठरलं नव्हतं.

रविवार होता. चार वाजून गेले होते. बाईंचा नंबर व्यस्त लागला. साडेचारला लावला, व्यस्त. पाचला, व्यस्त. सव्वापाचला उर्से ग्लास घ्यायला आला, तेव्हा मी फोन खाली ठेवत होतो.

"कुणाला लावतोयस मघापासनं?"

"बाईंना. लागत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि ग्लास घेऊन गेला.